स्लॅब टाकण्याआधी बोला

चेन्नईतल्या अण्णा नगरच्या कुठल्याही गल्लीत शिरा, हिरव्या जाळीने झाकलेले एखादे तरी बांधकाम दिसतेच. शांती कॉलनीत, राउंडटाणा चौकाच्या मागच्या आडव्या रस्त्यांवर जुनी बैठी आणि दुमजली घरे पाडली जात आहेत. त्यांच्या जागी खाली गाड्या आणि वर चार-पाच मजले, अशा इमारती येत आहेत. तिकडे कोथरूडला, मुलुंडला, डोंबिवलीला हेच चालले आहे. पुनर्बांधणीच्या बैठकांमध्ये क्षेत्रफळाचे बोलणे होते, भाड्याचे होते, पार्किंगचे तर तासन् तास होते. एक प्रश्न मात्र बहुतेक बैठकांत कोणाच्या तोंडून निघत नाही. चाकाच्या खुर्चीतले माणूस या इमारतीत रस्त्यापासून स्वतःच्या पलंगापर्यंत कोणी न उचलता पोचेल का?

हा प्रश्न तुम्ही विचारा. आणि आत्ताच विचारा. नकाशा कागदावर आहे तोवर भिंत चार इंच सरकवायला खोडरबर पुरतो. स्लॅब पडला की तीच भिंत हलवायला गवंडी लागतो, परवानगी लागते, शेजाऱ्यांचा होकार लागतो. बहुतेक वेळा मग ती हलतच नाही. आज बांधलेली इमारत पुढची चाळीस-पन्नास वर्षे उभी राहणार आहे. आज हिच्या दारात तीन पायऱ्या पडल्या, तर त्या तुमच्या नातवंडांच्याही वाट्याला येणार आहेत.

सेकंड अव्हेन्यूच्या मागच्या एका नव्या इमारतीत मी जे पाहिले ते सांगतो. दारात रांगोळी, पायाखाली आरशासारखा ग्रॅनाइट, समोर लिफ्ट. आणि पार्किंगच्या पातळीपासून लिफ्टच्या दारापर्यंत तीन पायऱ्या. चाकाच्या खुर्चीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी. मुलगा मागून धरतोय, वॉचमन पुढून. वॉचमनने उचलण्यासाठी खुर्चीचा हात पकडला. तो हात काढता-घालता येणारा होता. तो खाचेतून सुटला आणि थेट त्याच्या मुठीत आला. खुर्ची एका अंगाला कलली. आजींनी डोळे गच्च मिटले, पण आवाज काढला नाही. कोणाला लागले नाही. पुढच्या आठवड्यात मुलगा म्हणाला, आई आता अय्यप्पनच्या देवळात यायला नको म्हणते. उगाच चार माणसांना त्रास, असे म्हणते.

घरातले शहाणे माणूस हळूहळू असेच बाहेर यायचे थांबते. तंटा होत नाही, तक्रार होत नाही. आधी देऊळ सुटते, मग बाग, मग लग्नकार्ये, मग दवाखान्याची तारीखही पुढे ढकलली जाते. घरच्यांना वाटते, वय झाले, आता त्यांना हौस राहिली नाही. हौस असते. तीन पायऱ्या असतात म्हणून ती बोलून दाखवली जात नाही.

चेन्नईत जोती उंच होत चालली आहेत आणि त्याला सबळ कारण आहे. २०१५ च्या डिसेंबरातला पूर इथे कोणी विसरलेले नाही. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाने पुन्हा तेच दिवस दाखवले. शिवाय जुना थर न खरवडता त्यावरच नवे डांबर टाकत गेल्यामुळे वर्षानुवर्षे रस्ते चढत गेले आणि घरे खाली गेली. त्यामुळे घर बांधणारा आधी पाण्याचा विचार करतो. जोते दोन फूट, तीन फूट उचलतो. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरू नये म्हणून लिफ्टचा पहिला थांबाही वर घेतो. पाण्याची भीती खरी आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. पण पाणी अडवताना आपण माणूसही अडवतो आहोत, हे लक्षात घ्या.

आता तुमचे काम. आर्किटेक्टला सांगा, जोते उंच घ्या, पण त्याच्यासोबत रॅम्प नकाशातच काढा. त्याचे गणित सोपे आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट, म्हणून अठरा फुटांचा रॅम्प. एक मोटार उभी करायला जेवढी लांबी लागते त्याहून थोडी जास्त, इतकेच. जोते दोन फूट असेल तर चोवीस फूट. चढ त्याहून मोठा असेल तर मध्ये सपाट जागा हवी, म्हणजे खुर्ची ढकलणाऱ्याला दम खाता येईल आणि स्वतः चाके फिरवणाऱ्याला हात मोकळे करता येतील. दोन्ही बाजूंना धरायला कठडा. वर खरखरीत लादी, पॉलिश केलेली नको. इथल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात ओला ग्रॅनाइट धडधाकट माणसालाही पाडतो.

बहुतेक फाटकांपाशी रॅम्प म्हणून जो उतार दाखवला जातो, तो स्कूटर चढवण्यासाठी असतो. दोन फूट चढ आणि सहा फूट लांबी. त्यावरून खुर्ची खाली आणणे म्हणजे जिवाशी खेळ. वर चढवणे एकट्याच्या आवाक्यातले नाही. बिल्डर म्हणेल, ‘रॅम्प दिलाय ना.’ तुम्ही टेप काढा. मोजा. त्याच्यासमोर मोजा.

दारातून आत या. खरी परीक्षा बाथरूमच्या दाराशी होते. आपल्याकडे बाथरूमचे दार अडीच फुटांचे ठेवायची रीत आहे. त्यातून चौकट वजा करा, पूर्ण न उघडणाऱ्या दाराची जाडी वजा करा. उरलेल्या फटीतून खुर्ची जाताना हाताची बोटे सोलून निघतात, किंवा खुर्ची जातच नाही. मग घरात चाकाची खुर्ची आहे, बाथरूम आहे, आणि मधल्या चार पावलांसाठी मुलाला ऑफिसला उशीर करून थांबावे लागते. सुनेपुढे सासऱ्यांना अवघडून जायला होते. वडील दुपारचे पाणी पिणे कमी करतात, कारण पाणी प्यायले की कोणाला तरी हाक मारावी लागते. माणसाची लाज राखायला सहा इंच लागतात. ते सहा इंच आत्ता, नकाशातच मागून घ्या. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी, म्हणजे साधारण तीन फूट. आत खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागा. उंबरठा नको. कमोडशेजारची भिंत इतकी भक्कम हवी की उद्या तिला धरायचा दांडा ठोकता येईल. आणि दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत पडलेले माणूस दाराला टेकून पडले, तर आत उघडणारे दार ढकलून कोणालाही आत जाता येत नाही. ज्या घरात हे एकदा घडले आहे, त्यांना पटवून द्यावे लागत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कोणी अपंग नाही. देव करो आणि तसेच राहो. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आई आहे ना? बाबांना एक दिवस अर्धांगाचा झटका येऊ शकतो ना? बाळंतपण होऊन सून बाबागाडी घेऊन येईल ना? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक आणि तमिळनाडूत जवळपास १२ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. आणि मोतीबिंदूने अंधुक झालेली नजर, खुब्याचे मोडलेले हाड, संधिवाताने आखडलेली बोटे कोणाच्याही घरात येऊ शकतात. कॅलिपर लावून शाळेत जाणारी एखादी मुलगी तुमच्या गल्लीतही असेल. ती लहान आहे तोवर आई तिला कडेवर घेऊन तिसरा मजला चढते. ती बारा वर्षांची झाली की आईची कंबर आणि मुलीची शाळा यांतले एक काहीतरी थांबते. त्या आईकडे बघा. तिच्यासाठी बोला.

आणि रुग्णवाहिकेचा विचार करा. चार-सहा माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून जिन्याने उतरवलेले तुम्ही ऐकले असेल, कदाचित पाहिलेही असेल. लिफ्टची मापे ठरत असतील तेव्हा हे चित्र डोळ्यांपुढे आणा आणि मोठी लिफ्ट मागा.

कायदा तुमच्या बाजूने आहे, हे ठाऊक असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. त्याच्या कलम ४४ प्रमाणे, ठरलेले निकष न पाळणाऱ्या आस्थापनेच्या नकाशाला बांधकाम परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ च्या जूनमध्ये निघाले. मुदत २०२२ मध्येच संपली. तमिळनाडूच्या २०१९ च्या एकत्रित विकास व इमारत नियमांत आणि महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीतही अपंगांच्या सोयींच्या तरतुदी आहेत. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने स्पष्ट सांगितले की नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत, किमान निकष बंधनकारक असलेच पाहिजेत, आणि तसे नियम तीन महिन्यांत करायचा आदेश केंद्र सरकारला दिला. एकोणीस वर्षे लढून मिळालेले हे बळ आहे. ते कपाटात ठेवू नका. बिल्डरच्या टेबलावर ठेवा.

कारण कागदावर कायदा असून काय होते, ते मुंबईने पाहिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्तीला स्वतःच्या लग्नाची नोंदणी करायला खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात जायचे होते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. अधिकारी खाली यायला तयार नव्हते. लग्नाच्या दिवशी तिला उचलून अरुंद जिन्याने वर नेण्यात आले. तिने हे जाहीरपणे लिहिले, देशभर संताप झाला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी चांगलीच गोष्ट आहे. पण दिलगिरी व्यक्त केल्याने जिन्याची लिफ्ट होत नाही. ती इमारत बांधताना कोणीतरी एक जण बोलला असता तर हा दिवस आलाच नसता.

होत नाही, परवडत नाही, आपल्याकडे चालत नाही, असे तुम्हाला कोणी सांगेल. त्यांना कोल्हापूर दाखवा. सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचा भाग निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये तिथे ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. चाकाच्या खुर्चीवरची मुले जिथे शिकतील, राहतील, काम करतील अशा वास्तू उभारल्या. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र अनेक मराठी घरांत आहे. तुमच्याही असेल, तर या आठवड्यात ते पुन्हा काढा आणि सोसायटीच्या सचिवांना वाचायला द्या.

आणि चेन्नईतच बघायचे असेल तर मरीनावर जा. कित्येक वर्षे तिथली वाळू व्हीलचेअरची वाट अडवत होती. इथल्या अपंग हक्कांच्या कार्यकर्त्यांनी चिकाटी सोडली नाही. आधी डिसेंबरातल्या अपंग दिनाच्या सुमारास काही दिवसांपुरती वाट घातली जायची. मग २७ नोव्हेंबर २०२२ रोजी महापालिकेने २६३ मीटर लांबीची कायमची लाकडी वाट खुली केली. त्या दिवशी समुद्राजवळ आयुष्यात पहिल्यांदा पोचलेली माणसे तिथे होती. दोन आठवड्यांत मांडोस वादळाने ती वाट मोडली. पण म्हणून ती सोडून दिली गेली नाही. ती पुन्हा दुरुस्त झाली. वाळूवर आणि लाटांसमोर हे जमते. मग तुमच्या पार्किंगमधल्या दीड फुटाला घाबरायचे कारण काय?

अण्णा नगर टॉवर आणि अण्णा नगर ईस्ट ही भुयारी मेट्रो स्थानके २०१७ पासून सुरू आहेत. जमिनीखालून वर यायला लिफ्ट आहे. वर आलात की मात्र पदपथ सुरू होतो. दर घराच्या फाटकापाशी तो गाडीच्या उताराने कापलेला, कुठे अर्ध्या वाटेत वीजमंडळाची पेटी, कुठे लावलेल्या स्कूटर. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला शेवटी गाड्यांच्या रस्त्यावर उतरावे लागते. सरकारने आपल्या वाट्याचे काही केले आहे, बरेच करायचे बाकी आहे, आणि त्यासाठी त्याला धारेवर धराच. पण तुमच्या फाटकासमोरचा पदपथ तुमच्या उताराने कापला असेल तर तो तुम्हीच सरळ करा. तुमची स्कूटर आत घ्या. आज घ्या.

तुमची इमारत जुनी आहे, त्यामुळे हे सगळे तुमच्यासाठी नाही, असे समजू नका. जुन्या इमारतीतही या आठवड्यात करण्यासारखे खूप आहे. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढा. अंधुक नजरेच्या माणसाला सगळ्या पायऱ्या एकाच रंगात मिसळून जातात, शेवटची पायरी संपली असे वाटून पाऊल हवेत पडते. एक डबा रंग, एक रविवार. जिन्याला एकाच बाजूला कठडा असेल तर दुसऱ्या बाजूलाही दांडा लावा, कारण अर्धांग झालेल्या माणसाचा जो हात चालतो त्याच बाजूला आधार लागतो. लिफ्टची बटणे बसलेल्या माणसाच्या हाताला लागतील अशी खाली आणा आणि त्यावर उठावाचे ब्रेल अंक लावा. मजला सांगणारा आवाज चालू करा, अनेक लिफ्टमध्ये तो असतो आणि कटकट वाटते म्हणून बंद करून ठेवलेला असतो. ऐकू न येणाऱ्या शेजाऱ्याच्या घराला घंटीसोबत दिवा लागेल असे बघा. जिन्यातला बल्ब गेला असेल तर सभेची वाट पाहू नका, बदला.

आणि पुढच्या पावसाआधी एक काम नक्की करा. वीज गेली, लिफ्ट थांबली, खाली पाणी भरले, अशा वेळी तुमच्या इमारतीत कोण वर अडकून पडेल? कोणाला ऑक्सिजन लागतो, कोण खुर्चीवर आहे, कोणाला भोंगा ऐकू जात नाही? नावांची यादी करा. त्यांना विचारून करा, त्यांच्या परवानगीने करा. कोण कोणाकडे जाईल हे ठरवा. जनरेटरवर पाण्याची मोटर असते, तशी लिफ्टही घ्या. आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही, तेव्हा उचलून नेणारे चार जण आधीच ठरलेले असू द्या, आणि खुर्ची कुठे धरून उचलायची हे त्या खुर्चीतल्या माणसाकडूनच शिकून घ्या. सुटा हात कुठला आणि पक्का दांडा कुठला, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

खरे तर सगळ्याच बाबतीत त्यांनाच आधी विचारा. आर्किटेक्टसोबतच्या बैठकीला खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला बोलवा, काठी वापरणाऱ्या एखाद्या बाईंना बोलवा. बैठक त्यांना पोचता येईल अशा जागी घ्या. अर्ध्या तासात ते ज्या चुका दाखवतील त्या आपल्याला वर्षभर नकाशाकडे बघूनही दिसत नाहीत.

चेन्नईत तुम्ही नोकरीसाठी आला असाल, किंवा सौकारपेठेत सोने-चांदी गाळण्याच्या, गलाईच्या धंद्यात असाल आणि आईवडील विट्याला, आटपाडीला असतील. वर्षाकाठी महिनाभर ते तुमच्याकडे राहायला येतात. दर वर्षी त्यांचा मुक्काम थोडा कमी होत असेल तर कारण नीट शोधा. इथली हवा मानवत नाही असे ते सांगतील. तुमच्या जिन्याला कठडा आहे का ते बघा.

सभेत तुम्ही उठाल तेव्हा कदाचित एकटेच असाल. कोणी म्हणेल, खर्च वाढेल. कोणी म्हणेल, एक पार्किंग जाईल. आवाज चढवू नका, पण खाली बसूही नका. त्या सभेत बसलेल्या प्रत्येकाच्या घरी म्हातारे आईवडील आहेत किंवा तो स्वतः वीस वर्षांनी म्हातारा होणार आहे. तुम्ही बोलायला सुरुवात केली की मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणते, आमच्या आईचंही असंच झालं. मला हे ठाऊक आहे, कारण मी हे होताना पाहिले आहे. आपली माणसे निष्ठुर नाहीत. त्यांना कोणी विचारलेले नसते, इतकेच.

तेव्हा हे करा. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर आजच एक विषय लिहून द्या: रस्त्यापासून प्रत्येक घराच्या बाथरूमपर्यंत विनाअडथळा वाट. नकाशा मागवा. रॅम्प, लिफ्ट, दारे, बाथरूम, एकेक माप वाचून घ्या. जमले नाही ते का जमले नाही, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या. ठराव मांडा, मतदान घ्या, इतिवृत्तात नोंदवा आणि त्याची प्रत बिल्डरच्या करारनाम्याला जोडा. हे सारे झाल्याशिवाय नकाशावर सही करू नका.